बेचाळीस मीटरवरील गुप्त वाणी

हौशी बिनतारीवाल्यांच्या हाती आज जो मुठीएवढा संच दिसतो, तो कारखान्यातून निघतानाच ठरावीक पट्ट्यापुरता बांधलेला असतो. कित्येक संचांत हे बंधन एका चिमुकल्या डायोडचे किंवा एका टाक्याचे असते. ते काढले म्हणजे संच शेजारच्या पट्ट्यांवरही बोलू लागतो. भारतात हौशींस १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा आहे, आणि त्याच्या थोडे खाली वैमानिकांची संभाषणे चालतात; तेव्हा ही कुंपणे निष्कारण घातलेली नाहीत. परंतु संचाची मर्यादा तारेत असते की परवान्याच्या कागदात, हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे.

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशींचे प्रक्षेपण बंद केले व त्यांचे संच पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम सोडला. भीती अनाठायी नव्हती. प्रक्षेपकाची तरंगलांबी वेटोळे आणि कंडेन्सर या जोडीवर ठरते. तारेचे वेढे कमी केले की ती आखूड होते, वाढविले की लांबते. ज्याने संच स्वहस्ते जुळविला, त्याला हे काम संध्याकाळच्या वेळेपुरते!

मुंबईचे नरिमन प्रिंटर हे असेच परवानाधारक हौशी तंत्रज्ञ होते. १९४२ च्या ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची तोंडे बांधली गेली. तेव्हा उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर आदी तरुणांनी प्रिंटर यांच्या साह्याने प्रक्षेपक उभारला आणि ऑगस्टच्या अखेरीस ‘काँग्रेस रेडिओ’ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. ठिकाण विचाराल, तर ‘हिंदुस्थानात कोठेतरी’ एवढेच सांगितले जाई.

या आकड्यात एक मौज आहे. ४२.३४ मीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झच्या किंचित वर. हा तर हौशींचाच जुना पट्टा. तरंगलांबीचे कुंपण ओलांडण्याची गरजच पडली नाही. ओलांडले ते हेतूचे कुंपण. हौशीने हौशीशी बोलावे, सर्व जनतेस उद्देशून बोलू नये, हा नियम मोडला गेला. शिवाय घरगुती संचाच्या शॉर्टवेव्हच्या तबकडीवर हे स्थान सहज सापडे, आणि या लहरी आकाशातील विद्युद्भारित थरावरून परतून शेकडो कोस जातात. मुंबईहून आमचे बुलढाणे सरळ रेषेत सुमारे ३९० किलोमीटर. एवढे अंतर त्यांच्या सहज आवाक्यातले.

तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. त्याच प्रांतातील चिमूर व आष्टी येथे १६ ऑगस्टला उठाव झाला व पाठोपाठ सरकारचा कोप झाला. छापखान्यास जे मना होते, त्या हकिकती या केंद्रावरून सांगितल्या गेल्या. राममनोहर लोहियाही या कार्यात सामील झाले.

परंतु प्रक्षेपकाचा शत्रू त्याचाच आवाज असतो. प्रत्येक शब्दाबरोबर तो आपली दिशाही सांगतो, आणि पोलिसांच्या शोधक गाड्या ती टिपीत. म्हणून बिऱ्हाड वारंवार हलवावे लागे. अखेर घात झाला तो माणसाकडूनच. प्रिंटर पोलिसांच्या हाती सापडले आणि त्यांच्याकडून ठिकाण कळले. १२ नोव्हेंबरच्या रात्री गिरगावातील पारेख वाडीत धाड पडली, तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजत होती. ज्याने तार जुळविली, त्यानेच ती तोडावी, हे वाचताना आजही मन खिन्न होते. पण पोलिसी कोठडीत कोण किती टिकेल, हे दूर बसून ठरविणे मला प्रशस्त वाटत नाही.

खटल्यात बाबूभाईंस पाच, उषाबेन यांस चार व चंद्रकांत यांस एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व शिकागो रेडिओचे नानक मोटवाने सुटले. उषाबेन १९४६ साली बाहेर आल्या. युद्धानंतर हौशींस परवाने पुन्हा मिळू लागले. सर्वसाधारण जनतेसाठी ध्वनिक्षेपण करू नये, ही अट त्या परवान्यात आजही आहे.