लमेटा शैलसमूहातील डायनोसॉर प्रजाती

मध्य आणि पश्चिम भारतात दख्खनच्या लाव्हाथरांच्या तळाशी आढळणाऱ्या गाळाच्या खडकांतून जीवाश्मरूपाने ज्ञात झालेले डायनोसॉर. जबलपूरजवळच्या नर्मदाकाठच्या लमेटा घाटावरून या खडकांना लमेटा शैलसमूह म्हणतात. काळ : उत्तर क्रिटेशसचा शेवटचा टप्पा, सुमारे 7 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वी. प्रमुख स्थळे : जबलपूर (मध्य प्रदेश), बालासिनोरजवळील रहियोली (गुजरात), पिजदुरा व डोंगरगाव (चंद्रपूर जिल्हा, महाराष्ट्र). मादागास्करपासून केव्हाच सुटलेला भारत त्या वेळी उत्तरेकडे सरकत होता आणि आशियाला अजून येऊन मिळाला नव्हता.

या प्रजातींची यादी लांबलचक आहे, पण पुराव्याच्या कसोटीवर टिकणारी नावे मोजकीच. बहुतेक नावे एखाद्या मणक्यावर किंवा पायाच्या एखाद्या हाडावर दिली गेली. त्यामुळे पुढील नोंदींत नावाइतकेच ते कशावर बेतले आहे याला महत्त्व आहे.

टायटॅनोसॉरस : 1828 मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यांना जबलपूर छावणीलगत मोठी हाडे मिळाली. पुढे ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून प्रसिद्ध झालेले स्लीमन ते हेच. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी त्यानंतर 14 वर्षांनी, 1842 मध्ये घडवला. शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी 1877 मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस ही प्रजाती व जाती प्रस्थापित केली. या मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची चेंडूसारखी फुगीर असते. एकाचा फुगवटा मागल्या मणक्याच्या खोबणीत बसतो. लायडेकर यांना ही ठेवण खास वाटली. नंतर दक्षिण अमेरिकेत व इतरत्रही असेच मणके निघू लागले आणि हे एका प्रजातीचे नव्हे, तर अख्ख्या गटाचे लक्षण ठरले. जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी 2003 मध्ये टायटॅनोसॉरस हे नाव संदिग्ध ठरवले. गंमत अशी, की ज्या गटाला हे नाव मिळाले तो टायटॅनोसॉर गट जगभर मान्य आहे. मूळ प्रजाती तेवढी बाद झाली. मूळ मणकाही दीर्घकाळ बेपत्ता होता. धनंजय मोहबे आणि सुभाशिस सेन यांना तो 2012 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहातच सापडला.

जैनोसॉरस : जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवरील लांब मानेचा शाकाहारी. चार्ल्स मॅटली यांनी खणून काढलेल्या हाडांचे वर्णन फ्रीडरिख फॉन ह्यूने यांनी मॅटलींसह 1933 च्या ग्रंथात केले आणि ती अंटार्क्टोसॉरस या दक्षिण अमेरिकी प्रजातीत घातली. 1995 मध्ये ती वेगळी काढून सोहनलाल जैन यांचे नाव दिले गेले.

1933 च्या त्याच ग्रंथाने मांसाहारी प्रजातींची रांगच उभी केली : इंडोसॉरस, इंडोसुकस, लेव्हिसुकस, जब्बलपुरिया, कॉम्पसोसुकस आणि आणखी काही. यांतली पहिली दोन कवटीच्या भागांवर आधारलेली, म्हणून त्यांना काही वजन आहे. बाकीच्यांतली काही नावे सुट्या मणक्यांपलीकडे जात नाहीत. त्याआधी मॅटली यांनी लमेटासॉरस हा चिलखती डायनोसॉर म्हणून जाहीर केला होता. पण कटिबंध व पायाची हाडे मांसाहारी प्राण्याची आणि चिलखताचे तुकडे भलत्याचेच, असा त्याचा पुढे निकाल लागला.

राजासॉरस नर्मदेन्सिस : या साऱ्या गोंधळात पाय घट्ट रोवून उभी असलेली मांसाहारी प्रजाती. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी रहियोलीत हाडे गोळा केली. उपयोगी पडला तो त्यांचा नकाशा : कोणते हाड कुठे, कोणाशेजारी पडले होते याची जागच्या जागी केलेली नोंद. जबलपूरच्या हाडांना अशी नोंद असती तर निम्मी नावे जन्मालाच आली नसती. नकाशामुळे कवटीचा मागचा भाग, कणा, कटिबंध आणि मागचे पाय एकाच प्राण्याचे धरता आले आणि 2003 मध्ये प्रजाती जाहीर झाली. कपाळावर बुटके शिंग हे तिचे लक्षण. मादागास्करचा माजुंगासॉरस तिचा जवळचा नातलग. रहियोलीतूनच 2010 मध्ये राहिओलिसॉरस ही दुसरी मांसाहारी प्रजाती वर्णिली गेली.

इसिसॉरस कोलबर्टी : लमेटातील सर्वांत चांगल्या रीतीने ज्ञात असलेला शाकाहारी, आणि तो महाराष्ट्रातला. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पथकाने 1980 च्या दशकात डोंगरगाव येथे त्याचे उत्खनन केले. सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याला टायटॅनोसॉरसची नवी जाती म्हटले. 2003 मध्ये तो स्वतंत्र प्रजाती झाला आणि संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नामकरण झाले. मान, पाठ, शेपटी, खांदा, कटिबंध आणि पुढचा पाय मिळाला. कवटी व मागचे पाय मिळाले नाहीत. मान आखूड व जाड, दंडाचे हाड सुमारे दीड मीटर लांब. चित्रांतून दिसणारे त्याचे डोके अर्थातच अंदाजाने बसवलेले असते.

अंडी व विष्ठाश्म : लमेटातील अंडी विपुल आहेत. धार जिल्ह्यातील 92 घरट्यांतील 256 अंड्यांचे वर्णन 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. गुजरातेतील ढोली डुंगरी येथे तर घरट्यातच अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटरचा साप आणि नुकते बाहेर पडलेले पिल्लू एकत्र दगड झालेले मिळाले. या सापाला 2010 मध्ये सनाजे इंडिकस असे नाव देण्यात आले. अंडी टायटॅनोसॉर गटाची मानतात, पण कोणत्या प्रजातीची हे त्यांवरून ठरत नाही.

वरोरा तालुक्यातील पिजदुऱ्याला नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून हाडे मिळत आली. शेतांत विखुरलेल्या तिथल्या विष्ठाश्मांची तपासणी वंदना प्रसाद व सहकाऱ्यांनी केली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यांना ताड, सूचिपर्णी वृक्ष इत्यादींबरोबर गवताच्या पेशींतील सूक्ष्म सिलिकाकण आढळले. गवताचा प्रसार डायनोसॉरांनंतरचा, ही तोवरची समजूत या कणांमुळे बदलावी लागली. ही विष्ठाही टायटॅनोसॉरांची असावी असे मानतात.