कल्हईवाल्याचं कथील आणि चिप उतरवणारी मशीन

‘कल्हई’ हा शब्द आपण इतका मराठी मानतो की तो कुठून आला हे विचारायचं कुणाला सुचत नाही. अरबीत ‘कलई’ म्हणजे कथील. अरब भूगोलकारांनी मलाय द्वीपकल्पातल्या ‘कलह’ नावाच्या बंदराची आणि तिथल्या कथिलाची नोंद करून ठेवली आहे. शब्द त्या बंदरावरूनच पडला, असं अनेक अभ्यासक मानतात. कल्हई करताना तापलेल्या भांड्यात टाकतात तो नवसागर, म्हणजे फारसीतला ‘नौशादर’. धातू आणि त्याला पकड देणारा क्षार, दोघांचीही नावं व्यापाराच्या वाटेनं आली आणि आपल्या स्वयंपाकघरात मराठी होऊन राहिली. भाता घेऊन दारोदार फिरणाऱ्या कल्हईवाल्यांत मुसलमान कारागीर पुष्कळ असत. स्टीलची भांडी आली आणि तो धंदा बसला.

कथिलाचं काम मात्र बसलं नाही. नागपुरात, विणकरांच्या नावानं वसलेल्या मोमिनपुऱ्याजवळ, मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीच्या एका दुकानात मी गेली काही वर्षं अधूनमधून जाऊन बसतो. तिथल्या टेबलावर एक इन्फ्रारेड रीवर्क स्टेशन आहे. कारागीर त्याला नुसतं ‘आयआर’ म्हणतात. मदरबोर्डवरची चिप उतरवणं हे तिचं मुख्य काम. त्या मशीनखाली जे वितळतं ते बहुतांशी कथीलच असतं. चिपच्या कडेनं जो फ्लक्स सोडतात तो करतो ते नवसागराचंच काम : धातूवरचा मळ आणि ऑक्साइड काढायचा, म्हणजे कथील धरतं.

नागपूरचं आकाशवाणी केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झालं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची पहिली पिढी साधारण त्या काळातली. 1982 च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि दुसरी पिढी तयार झाली. या दोन्ही पिढ्यांचं हत्यार एकच, सोल्डरिंगची कावी. सुट्या भागांना पाय असत, ते दिसत, एकेका पायाचा डाख वितळवून भाग काढता येई. 1990 च्या दशकात चिपचे पाय तिच्या पोटाखाली गेले. आता पायांऐवजी कथिलाच्या बारीक गोळ्या, मोठ्या चिपखाली शेकड्यांनी, आणि एकही डोळ्याला दिसत नाही. एक गोळी वितळवून उपयोग नाही, सगळ्या एकाच वेळी वितळायला हव्यात. कावी इथं हरली.

लाल रंगापलीकडे न दिसणारी उष्णता असते हे विल्यम हर्शलनं 1800 साली दाखवलं. काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाश फोडून तो रंगारंगांत थर्मामीटर ठेवत गेला. लालच्या पुढे, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं पारा अधिक चढला. आयआर मशीन त्याच किरणांवर चालते. खाली मोठा हीटर, तो सगळा बोर्ड हळूहळू तापवतो; नाहीतर एका बाजूनं तापून बोर्ड वाकडा होतो. वर छोटा हीटर, फक्त चिपपुरता. चिपशेजारी थर्मोकपलची तार. गरम हवेच्या मशीनमध्ये झोतानं शेजारचे मोहरीएवढे भाग उडतात, इथं झोतच नाही. पण किरणांना रंग कळतो. काळी चिप उष्णता पिते, चकचकीत सिलिकॉन ती परतवतं. म्हणून शेजारच्या भागांवर अ‍ॅल्युमिनियमची टेप लावून त्यांना झाकतात.

तापमान सेकंदाला एक ते तीन अंशांनी चढवायचं. मे महिन्यात, बाहेर पारा 45 वर असताना, दुकानातला कूलर आधी बंद होतो. त्याचा वारा बोर्डावर आला की एक कोपरा थंड राहतो. विदर्भात भारनियमनाचा काळ होता तेव्हा अर्ध्यात वीज जाई आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. भाचा चिमटा घेऊन घाई करतो, “मामू, निकालूँ?” उस्ताद म्हणतात, “रुक, तैरने दे.” कडेला हलकेच टोचलं की चिप पाण्यावरच्या पानासारखी सरकून परत जागेवर येते, तेव्हा उचलायची. त्याआधी ओढली तर खालची तांब्याची ठिकाणं उखडून येतात आणि बोर्ड गेला.

या कामाच्या इतिहासात 2006 हे साल मोठं आहे. 1 जुलैपासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर बंदी आली. जगभरच्या कारखान्यांनी डाख बदलला. जुना कथील-शिशाचा डाख 183 अंशांना वितळे, नवा कथील, चांदी आणि थोड्या तांब्याचा, 217 च्या आसपास. शिसं विषारी, बंदी योग्यच होती. आपल्याकडेही 2011 च्या ई-कचरा नियमांनी शिशावर मर्यादा घातली. पण त्या चौतीस अंशांचा भार दुरुस्तीवाल्यावर पडला. डाख वितळणं आणि चिप जळणं यांतली जागा अरुंद झाली. ती कशी सांभाळायची हे कोणत्याही कंपनीनं येऊन शिकवलं नाही. चिनी बनावटीची स्वस्त मशीन आणि जळालेले बोर्ड, यांतूनच कारागीर शिकले.

त्याच नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात मुस्लिम कामगारांपैकी 61 टक्के स्वयंरोजगारात असल्याची नोंद आहे. हा आकडा आपण मागासलेपणाचा पुरावा म्हणून शेकडो भाषणांत ऐकला. तो पुरावा आहेच. पण ‘स्वयंरोजगार’ या एका रकान्यात भाजीची गाडी आणि 217 अंशांचं गणित एकत्र बसतं, हे मला खटकतं.

धंद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2008 च्या जुलैत एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या सदोष चिपांपोटी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. दोष चिपच्या आतल्या जोडणीत होता, खालच्या गोळ्यांत नव्हता. पण बंद लॅपटॉपची चिप नुसती तापवली तरी तो काही दिवस, कधी काही आठवडे चालायचा. ही ‘दुरुस्ती’ करून पूर्ण पैसे घेणारे बाजारात निघाले. खरं काम म्हणजे चिप उतरवून नवी बसवणं. ज्यांच्याकडे मी बसतो ते नुसतं तापवून देत नाहीत. गिऱ्हाइकाची वस्तू अमानत आहे, एवढंच त्यांचं उत्तर.

2022 च्या जुलैत केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. सुटे भाग आणि माहिती सर्वांना मिळावी, हा तिचा विषय. दरम्यान उस्तादांनी आपली माहिती स्वतःच जमवली आहे. टेबलाच्या खणात तीन वह्या आहेत. कोणता बोर्ड, खालचा हीटर किती, वरचा किती, चिप कितव्या सेकंदाला तरंगली. शब्द उर्दूत, आकडे इंग्रजीत. बिघडलेल्या कामांच्या नोंदी लाल शाईत. भाच्याला उर्दू लिपी येत नाही. म्हणून चौथी वही त्यानं देवनागरीत सुरू केली आहे, आणि सध्या तो पहिल्या वहीतले लाल शाईचे मजकूर मामूंकडून वाचून घेऊन त्यात उतरवतो आहे.