सह्याद्रीचा पाऊस आणि वाटसरूची वळकटी

महाबळेश्वरच्या पावसाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. त्या पावसातून वाट चालणाऱ्या माणसांनी आपले सामान कोरडे कसे राखले, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. तो क्षुल्लक वाटतो हे खरे. परंतु ह्या डोंगरातील मोहिमा, शेती, हवापालट आणि अलीकडचे गिरिभ्रमण ह्या सर्वांचे यश पुष्कळ वेळा एखाद्या कोरड्या गाठोड्यावर अवलंबून राहिले आहे. ह्या विषयाचा विचार करता आम्हांस असे दिसते की, ज्यांनी पाऊस सर्वस्वी बाहेर ठेवण्याचा हट्ट धरला ते फसले. आणि काय भिजले तरी चालेल व काय कदापि भिजता कामा नये, हे ज्यांनी आधी ठरविले ते तरले.

प्रथम शत्रूचे बळ पाहू. सुमारे साडेचार हजार फूट उंचीच्या ह्या पठारावर वर्षाकाठी सरासरी ५,५०० मिलिमीटरांहून, म्हणजे २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. पायथ्याच्या वाईस त्याचा लहानसा अंशच मिळतो. पण केवळ इंचांच्या हिशेबाने ह्या पावसाची कल्पना येत नाही. येथे पाणी वरून पडते तसेच वाऱ्याबरोबर आडवे येते, दऱ्यांतून धुक्याच्या रूपाने वर चढते, आणि घरातील पेटीत ठेवलेल्या कपड्यांनाही बुरशी आणते. म्हणजे शत्रू एक नसून दोन आहेत: एक पाऊस, दुसरी सर्दी. पहिल्यास आच्छादन अडविते. दुसरी आच्छादनाच्या आतच जन्मास येते.

हा भेद आपल्या पूर्वजांस ठाऊक होता. पावसाळ्यात लष्कराने स्वदेशी छावणीस यावे, घरे गवताने शाकारून ठेविलेली असावीत, आणि दसरा होताच कूच करावे, ही शिवछत्रपतींच्या काळची रीत सभासदाने आपल्या बखरीत नोंदविली आहे. तोड्याच्या बंदुकीस पेटती वात आणि कोरडी दारू ह्या दोन्ही गोष्टी लागत, आणि आषाढातील घाटवाटेवर दोहोंचीही शाश्वती नसे. तेव्हा पावसात न निघणे, हाच पहिला व सर्वांत शहाणपणाचा उपाय होता.

पण किल्ले तर पावसातही सांभाळावे लागत. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी जो उपदेश आहे, तो ह्या दृष्टीने फार मननीय आहे. दारूखाना वस्तीपासून अलग असावा, त्यास तळघर करून आत गच करावा, गचावर माच घालावी आणि त्या माचेवर दारूची मडकी ठेवावी, असे तेथे सांगितले आहे. एवढ्यावरच ग्रंथकार थांबत नाही. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण इत्यादी जिन्नस बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, अशीही त्याची ताकीद आहे. कितीही बंदोबस्त केला तरी सर्दी आत शिरणारच, हे गृहीत धरून त्याने नियम घातला आहे. भिंत, गच, माच, मडके आणि शेवटी ऊन, अशी ही पाच पदरांची व्यवस्था आहे.

नियमास अपवाद करण्याचे प्रसंगही आले. १६६० च्या जुलै महिन्यात महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून विशाळगडाकडे निघाले ते ऐन पावसाच्या रात्री, काहीशे निवडक मावळ्यांसह. तेथे सामान जवळजवळ नव्हतेच, म्हणून भिजण्यासारखेही थोडेच होते. ह्याच्या उलट चित्र औरंगजेबाच्या मोहिमांत दिसते. साताऱ्यानंतर त्याने परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड, ९ जून १७०० रोजी हस्तगत केला. पण तोवर पावसास आरंभ झाला होता, आणि तंबू, तोफा, बाजारबुणगे व जनावरे ह्यांच्यासह ते अवाढव्य लष्कर चिखलातून व पूर आलेल्या नद्यांतून हलविताना त्याचे अतोनात हाल झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी माण नदीकाठी खवासपूर येथे रात्री छावणीत पुराचे पाणी शिरले, आणि त्या गोंधळात बादशहाचा गुडघा निखळून त्यास कायमचे लंगडेपण आले. पुढे १७०२ मध्ये विशाळगड घेऊन परतताना पन्हाळ्यापर्यंतचे सुमारे ३० मैल कापण्यास त्याच्या सैन्यास ३८ दिवस लागले, असे सर जदुनाथ सरकार ह्यांनी लिहिले आहे. कापडी तंबू भिजला की त्याचे ओझे कितीतरी वाढते आणि त्याखाली निवाराही उरत नाही. मावळ्याजवळ अशा ओझ्याचा अभाव होता, आणि तेच त्याचे बळ ठरले.

सामान्य जनांनी हीच नीती निराळ्या साधनांनी पाळली. जावळी व कोयनेच्या खोऱ्यात भाताची लावणी करणाऱ्यांचे इरले पाहावे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसविलेली पाने, आणि आकार वाकलेल्या पाठीच्या बेताचा. हातपाय चिखलात भिजतात, ते भिजू द्यावयाचेच असतात. डोके व पाठ तेवढी कोरडी राहते. घोंगडीचेही तसेच. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की वरचे पाणी बराच वेळ आत येत नाही. आणि पुढे ती भिजली तरी लोकर काही ऊब धरून ठेवते. पीठमीठ, चकमक, कागदपत्र अशा जिनसा मात्र सर्वांत आतल्या पदरात, अंगाजवळ जात.

१८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या प्रयत्नाने, सातारच्या प्रतापसिंह महाराजांच्या मुलुखात, महाबळेश्वरास हवा खाण्याचे ठाणे वसले. त्याच दशकात, १८२३ साली, चार्ल्स मॅकिंटॉश ह्याने दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य वस्त्र करण्याची सनद मिळविली होती. विलायती विद्येने पाऊस जिंकला असे तेव्हा वाटले असेल. परंतु ते रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ताठर होई, आणि गंधकाने रबर पक्के करण्याची युक्ती निघेपर्यंत आणखी वीस वर्षे गेली. खुद्द महाबळेश्वरी साहेबलोकांनी पावसापुढे मान तुकविली: जूनच्या मध्यापर्यंत ठाणे रिकामे होई, आणि बंगल्यांच्या भिंतींस गवताचे जाड आवरण घालून ते बंद केले जात. सभासदाने लिहिलेली शाकारणीच ती.

आज मात्र काळ उलटला आहे. लोक पाऊस टाळीत नाहीत, पावसासाठीच निघतात. महाबळेश्वराहून पार गावाकडे उतरणाऱ्या वाटा आणि जुलैतील पन्हाळा ते पावनखिंड ही पदयात्रा तरुण मंडळींनी गजबजून जाते. त्यांच्या पाठीवरील पिशवीस सर्व जण ‘सॅक’ म्हणतात, आणि तिच्यावर रंगीत रेनकव्हर चढविले की काम झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती समजूत औरंगजेबी आहे. रेनकव्हर पाठीकडील बाजू झाकीत नाही. पट्ट्यांवरून ओघळणारे पाणी तेथून शिरते, शिवणीतून झिरपते, आणि कव्हराच्या तळाशी त्याचे डबके साचते. वारा सुटला तर कव्हरच दरीत जाते. जाणते गिर्यारोहक म्हणून सॅकच्या आत एक जाड, अखंड पिशवी घालतात, तिचे तोंड पिळून दुमडतात, आणि रात्रीचे कपडे व स्लीपिंग बॅग तिच्या आत पुन्हा निराळी बांधतात. बाहेरची सॅक भिजते, भिजू द्यावी. मुक्कामी ओले कपडे आतल्या कोरड्यांत मिसळू नयेत, आणि घरी येताच सर्व सामानास ऊन द्यावे. हा नवा शोध नव्हे. आज्ञापत्रातील माच व मडके ते हेच.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. घाटमाथ्यावर हिम पडत नाही म्हणून थंडीने जीव जाणार नाही, असे समजू नये. ओले अंग, सोसाट्याचा वारा आणि थकवा ह्यांचा मेळ पडला की पावसाळी हवेतही शरीराची उष्णता वेगाने जाते. अशा वेळी एक कोरडा सदरा व एक कोरडे पांघरूण ह्यांची किंमत सगळ्या सामानाहून अधिक ठरते.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९३३ मध्ये इंग्लंडात पॉलिथिन प्रथम हाती आले, आणि आता लावणीच्या शेतांतही इरल्याची पाने जाऊन प्लॅस्टिकचा कागद आला आहे. कागद हलका व स्वस्त आहे, हे कष्टकऱ्याच्या दृष्टीने थोडे नाही. पण जुने इरले मोडले की त्याची माती होई. फाटकी पिशवी मात्र गडाच्या तटाशी वर्षानुवर्षे पडून राहते. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तरी गडवाटांवर त्या दिसतातच. एकच जाड पिशवी घ्यावी, ती अनेक पावसाळे वापरावी आणि प्रत्येक वेळी घरी परत आणावी, एवढा नियम गिरिप्रेमींनी स्वतःस घालून घेतला तर ज्या गडांच्या ओढीने ते भिजत जातात त्या गडांचे ऋण काही अंशी फिटेल.