मुंबईतील दिव्यांग सुगम्यता

मुंबईतील दिव्यांग सुगम्यता या विषयात दिव्यांग व्यक्तींना मुंबई शहरात स्वतंत्रपणे व सुरक्षितपणे प्रवास करता यावा आणि प्रेक्षणीय स्थळांना भेट देता यावी, यासाठी असलेल्या कायदेशीर तरतुदी, सोयी आणि अडथळे यांचा समावेश होतो. घरापासून इच्छित स्थळापर्यंतचा प्रवास ही अनेक टप्प्यांची साखळी असते. पदपथ, स्थानक, पूल, फलाट, वाहन आणि इमारतीचे प्रवेशद्वार यांपैकी एकही टप्पा दुर्गम असल्यास उरलेल्या टप्प्यांवरील सोयींचा उपयोग होत नाही. मुंबईत मेट्रोसारख्या नव्या सेवा बऱ्याच अंशी सुगम्य आहेत. मात्र एका सेवेकडून दुसरीकडे जाताना ही साखळी वारंवार तुटते.

कायदेशीर पार्श्वभूमी

भारतात अपंग व्यक्ती अधिनियम, १९९५ या कायद्याने सार्वजनिक वाहतूक व इमारती अडथळामुक्त करण्याची तरतूद प्रथम केली. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास मान्यता दिली. त्या कराराशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने मान्यताप्राप्त अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या ७ वरून २१ केली. या कायद्याच्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ सुगम्य करण्याची, तर कलम ४५ मध्ये अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करण्याची तरतूद आहे. केंद्र शासनाचे सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाले. महाराष्ट्र शासनाने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला.

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक ठेवणारा नियम १५(१) हा मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे ठरवून न्यायालयाने अनिवार्य मानके निश्चित करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या.

उपनगरीय रेल्वे

लोकल गाड्यांमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबे असतात. कर्करोगाचे रुग्ण व गर्भवती स्त्रिया यांनाही त्यांतून प्रवास करता येतो. हा डबा फलाटावर जेथे थांबतो, तेथे चाकाच्या खुर्चीचे चिन्ह रंगवलेले असते आणि अनेक स्थानकांवर दृष्टिहीन प्रवाशांना जागा ओळखता यावी म्हणून ध्वनियंत्र बसवलेले असते. पुढील स्थानकाची उद्घोषणा मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांत होते. ठरावीक प्रकारच्या अपंगत्वासाठी मासिक पासावर ५० टक्के सवलत मिळते.

मुख्य अडचण डब्यात चढण्याची आहे. भारतीय रेल्वेच्या उंच फलाटांची प्रमाणित उंची ७६० ते ८४० मि.मी. असते, तर लोकल गाडीच्या डब्याचा तळ त्याहून बराच उंच असतो. फलाट व गाडी यांतील पोकळीत पडून झालेल्या अपघातांनंतर हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि फलाटांची उंची सुमारे ९०० मि.मी. पर्यंत वाढवण्याचे काम हाती घेण्यात आले. तरीही चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला मदतीशिवाय डब्यात जाता येत नाही. बहुतेक स्थानकांवर गाडी अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबत नसल्याने मदतनीस सोबत असूनही चढ-उतार अवघड होते.

एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाण्यासाठी पादचारी पूल ओलांडावे लागतात. अनेक स्थानकांवर सरकते जिने व लिफ्ट बसवण्यात आल्या आहेत. सरकत्या जिन्याचा चाकाच्या खुर्चीसाठी उपयोग नसल्याने लिफ्ट बंद असल्यास संबंधित प्रवाशाचा मार्गच बंद होतो. कर्णबधिर प्रवाशांची अडचण निराळी आहे. फलाट बदलल्याची सूचना ऐन वेळी केवळ ध्वनिक्षेपकावरून दिली गेल्यास ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांना इंडिकेटरवर व सहप्रवाशांवर अवलंबून राहावे लागते.

गर्दीच्या वेळी राखीव डब्यात इतर प्रवासी शिरतात, ही नेहमीची तक्रार आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५५ नुसार राखीव डब्यात अनधिकृतपणे प्रवेश करणे हा दंडनीय अपराध आहे. तक्रार १३९ या क्रमांकावर नोंदवता येते.

मेट्रो

वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मुंबईतील पहिली मेट्रो मार्गिका ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. मेट्रो स्थानकांत लिफ्ट, दृष्टिहीनांसाठी उंचवटे असलेल्या फरशांचा मार्ग आणि गाडीत चाकाच्या खुर्चीसाठी जागा असते. फलाट व गाडीचा तळ जवळपास समपातळीत असल्याने बहुतेकांना स्वतंत्रपणे चढता येते. मार्गिका २अ व ७ वर दिव्यांगांना १ मे २०२३ पासून तिकिटात २५ टक्के सवलत दिली जाते.

आरे ते कफ परेड ही भूमिगत मार्गिका ३ ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली व ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिच्यामुळे विमानतळ, सिद्धिविनायक, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक व चर्चगेट ही ठिकाणे एकाच मार्गावर आली. दक्षिण मुंबई पाहण्यासाठी चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला लोकलऐवजी हा पर्याय उपलब्ध झाला आहे. अंधेरी व घाटकोपर येथे मेट्रोतून लोकलकडे जाताना मात्र गर्दीचे पूल आणि फलाटाच्या उंचीचा प्रश्न पुन्हा समोर येतो.

बस, रिक्षा व टॅक्सी

बेस्टच्या जुन्या बसगाड्यांच्या दारात उंच पायऱ्या होत्या. अलीकडच्या विजेवरील बसगाड्यांत सखल मजल्याच्या गाड्यांचाही समावेश आहे. त्यांचा लाभ मिळण्यासाठी बस पदपथाला लागून उभी राहणे आवश्यक असते. थांब्यापाशी इतर वाहने उभी असल्यास बस रस्त्याच्या मध्यभागी थांबते आणि सखल मजल्याचा उद्देश साध्य होत नाही.

काळी-पिवळी टॅक्सी दारापर्यंत येत असल्याने अनेकांना सोयीची ठरते. मात्र सीएनजीच्या टाकीने डिकीतील बरीचशी जागा व्यापलेली असते. त्यामुळे घडीची खुर्ची टपावरील कॅरियरवर बांधावी लागते. घडी न होणारी विजेवरील खुर्ची नेता येत नाही. रिक्षांना माहीम व शीव यांच्या दक्षिणेस परवानगी नसल्याने शहराच्या दक्षिण भागात हा पर्याय उपलब्ध नसतो.

पदपथ

पदपथांवरील वाहने, फेरीवाले, खोदकाम, उंच कडा व उतारांचा अभाव हे प्रमुख अडथळे आहेत. मोटारसायकलींना रोखण्यासाठी पदपथांच्या तोंडाशी जवळजवळ रोवलेल्या खांबांमुळे चाकाची खुर्ची आत जाऊ शकत नाही. याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली स्वतःहून दखल घेतली. २००८ पासून उभारलेले अनेक स्कायवॉक प्रामुख्याने जिन्यांवर अवलंबून आहेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखाली खड्डे व उघडी गटारे दडतात. पांढऱ्या काठीने ती ओळखणे कठीण असल्याने दृष्टिहीनांना या काळात अधिक धोका असतो.

प्रेक्षणीय स्थळे

मरीन ड्राइव्ह : समुद्रालगतचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा रुंद व सपाट पदपथ हे शहरातील सर्वाधिक सुगम्य स्थळांपैकी एक आहे. चौपाटीच्या वाळूत मात्र चाके रुततात.

काळा घोडा परिसर : छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व जहांगीर कलादालन येथे एकमेकांच्या जवळ आहेत. संग्रहालयात ध्वनिमार्गदर्शकाची सोय आहे. हुतात्मा चौक हे मेट्रो स्थानक या परिसरास जवळचे आहे.

गेटवे ऑफ इंडिया व घारापुरी : गेटवेचे आवार सपाट आहे. घारापुरीला जाण्यासाठी मात्र पायऱ्या उतरून हलत्या लाँचमध्ये चढावे लागते. बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या असून त्या चढू न शकणाऱ्यांना स्थानिक लोक मोबदला घेऊन डोलीतून नेतात. लेणी सोमवारी बंद असतात.

हाजी अली दर्गा : दर्ग्याकडे जाणारा समुद्रातील मार्ग भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. त्यामुळे ओहोटीची वेळ पाहून जाणे आवश्यक असते.

कान्हेरी लेणी : लेणी खडकात खोदलेल्या पायऱ्यांवर व चढावर असल्याने चाकाच्या खुर्चीसाठी दुर्गम आहेत.

संस्था

वरळी येथील राष्ट्रीय अंध संघ (१९५२), हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था (१९८३) आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र (२००३) या संस्था शहरात पुनर्वसन, प्रशिक्षण व सुगम्यता यांसंबंधी कार्य करतात. १९७२ साली मिथू अलूर यांनी स्थापन केलेली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आता 'अॅडाप्ट' या नावाने ओळखली जाते.