शब्दवेध : चाबाल
लाखांदूरच्या परिसरात, रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून एखादा वृद्ध 'अरे पोट्ट्या' अशी हाळी देतो, तेव्हा त्या संबोधनात अधिकार व वात्सल्य इतके एकजीव झालेले असते की चिखलातला तरुण निमूट वळतो. तोच शब्द परक्याच्या मुखातून निघाला, तर कज्जा उभा राहतो. स्पेनमधील 'चाबाल' याच जातीचा. पोराला वा बरोबरीच्या दोस्ताला सलगीने हाकारणारा हा शब्द रोमा लोकांच्या 'कालो' बोलीतून तेथे रूढ झाला. रोमांच्या मूळ भाषेत, रोमानीत, 'चावो' म्हणजे मुलगा, आणि शतकांपूर्वी भारतातून पश्चिमेस गेलेल्या या लोकांच्या त्या शब्दाचे कूळ संस्कृत 'शाव'शी, म्हणजेच आपल्या 'छाव्या'शी, जुळते. राजाज्ञांनी छळलेल्या भटक्यांचा शब्द माद्रिदच्या पोराटोरांनी आपलासा केला, हे मला विलक्षण हृद्य वाटते.