दोनशे गाड्यांचा नियम आणि प्युजो २०५ टर्बो १६

आज ज्या गाडीबद्दल बोलायचंय ती लांबून बघितली तर एकदम साधी, तीन दारांची छोटी हॅचबॅक. भाजी आणायला, पोरांना शाळेत सोडायला घ्यावी अशी. पण मागचं झाकण उघडलं की डिकी नाहीच, तिथे इंजिन! गाडीचं नाव प्युजो २०५ टर्बो १६. फ्रेंच गाडी, १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत तिने जगातल्या सगळ्यात मोठ्या रॅली मारल्या, आणि त्यानंतर तिच्या जातीच्या सगळ्या गाड्यांवरच बंदी आली. ती बंदी का आली, हा आजचा खरा विषय.

रॅली म्हणजे काय ते आधी पटकन सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वनच येतं. रॅलीत सर्किट नसतं. खरेखुरे रस्ते बंद करतात. घाट, जंगलातली माती, बर्फ, काहीही. एकेक गाडी ठरावीक अंतराने सोडतात आणि जिला एकूण सगळ्यात कमी वेळ लागतो ती जिंकते. ड्रायव्हरच्या शेजारी को-ड्रायव्हर वही घेऊन बसतो आणि पुढचं वळण कसं आहे ते वाचून सांगत राहतो. प्रेक्षक कुठे? रस्त्याच्या कडेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नियम. रॅलीची मूळ कल्पना अशी की लोक शोरूममधून जी गाडी घेतात तीच इथे पळाली पाहिजे. म्हणून फेडरेशन म्हणायचं, आधी इतक्या गाड्या बनवून दाखवा, मग स्पर्धेत या. याला होमोलोगेशन म्हणतात. १९८२ मध्ये ग्रुप बी नावाचा नवा वर्ग आला आणि त्यात हा आकडा होता फक्त २००. बारा महिन्यांत २०० गाड्या, बस. वर अजून एक सवलत. त्या २०० झाल्या की आणखी २० सुधारित गाड्या बनवायच्या, आणि त्या सुधारित गाडीनेच रॅलीत उतरायचं.

ज्यांनी कधी क्लायंटचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. कागदावर २०० लिहिलंय. या २०० गाड्या कोणाला परवडल्या पाहिजेत, नेहमीच्या गाडीशी त्यांचं किती साम्य पाहिजे, यावर फारसं काही नाही. मग इंजिनिअर काय करणार? तो २०० बनवणार.

इथे प्युजोची परिस्थिती बघू. सत्तरच्या दशकात प्युजोने आधी सित्रोएन घेतली, मग १९७८ मध्ये क्रायस्लरचा युरोपातला सगळा धंदा घेतला आणि त्याला टॅलबॉट हे जुनं नाव दिलं. हे सगळं पचायला जड गेलं. ऐंशीच्या सुरुवातीला कंपनी तोट्यात होती, आणि वर प्युजो म्हणजे वडीलधाऱ्यांची, टॅक्सीवाल्यांची गाडी अशी इमेज. सगळी मदार एका नव्या छोट्या गाडीवर होती. ती २०५. फेब्रुवारी १९८३ मध्ये ती लोकांसमोर आली. सगळ्यात लहान मॉडेलमध्ये ९५४ सीसीचं इंजिन. आणि त्याच सुमाराला तिची रॅलीतली बहीणही दाखवली गेली.

हे काम ज्याच्याकडे होतं त्याचं नाव जाँ टॉड. हा माणूस स्वतः को-ड्रायव्हर होता. १९८१ मध्ये टॅलबॉट सनबीम लोटस या गाडीने कंपन्यांचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा टॉड त्यातल्या एका गाडीत डाव्या-उजव्या वळणांची वही वाचत होता. (सनबीमही छोटी हॅचबॅकच, तिच्यावर वेगळा एपिसोड होऊ शकतो.) त्याच वर्षाच्या अखेरीस प्युजोने त्याला रॅलीची टीम उभी करायला सांगितलं.

त्या वेळी मैदानात दोन विचार होते. ऑडीची क्वाट्रो चारही चाकांवर चालायची, पण तिचं जड इंजिन नाकावर होतं, त्यामुळे वळणावर गाडी सरळच जायला बघायची. लान्चियाची ०३७ हलकी, इंजिन मध्ये, पण ताकद फक्त मागच्या चाकांना. १९८३ मध्ये लान्चियाने ऑडीला हरवलंही. प्युजोने दोन्हीतलं चांगलं तेवढं घेतलं. इंजिन ड्रायव्हरच्या मागे, उजव्या बाजूला आडवं. गिअरबॉक्स डाव्या बाजूला, म्हणजे वजन समतोल. आणि ताकद चारही चाकांना.

इंजिनचा आकार बघा, मला हा भाग फार आवडतो. १७७५ सीसी. असा विचित्र आकडा का? कारण टर्बो असेल तर नियमानुसार इंजिनचा आकार १.४ ने गुणायचा. १७७५ गुणिले १.४ म्हणजे २४८५. २५०० च्या आतल्या वर्गात कमीत कमी वजनाची अट सौम्य होती. पंधरा सीसी शिल्लक ठेवून ते त्या रेषेच्या आत बसले. म्हणजे इंजिन बनवायच्या आधी नियमपुस्तक उघडलेलं होतं.

मग त्यात २०५ किती उरली? कारखान्यातून तीन दारांच्या बॉड्या आणल्या, त्यांचा मागचा भाग कापला, तिथे पाइपांचा सांगाडा जोडला, मागचं सगळं एका मोठ्या झाकणासारखं वर उघडेल असं केलं. पुढची काच, दारं, दिवे, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला २०५ वाटेल तेवढं मात्र ठेवलं. २०० गाड्या बनल्या, जवळजवळ सगळ्या गडद राखाडी रंगाच्या. फेडरेशनच्या लोकांनी येऊन मोजल्या आणि एप्रिल १९८४ मध्ये मान्यता मिळाली. रस्त्यावरच्या या गाडीत साधारण २०० हॉर्सपॉवर. रॅलीच्या पहिल्या गाडीत ३५० च्या आसपास, आणि नंतरच्या सुधारित गाडीत साडेचारशेच्या आसपास. वजन ९०० किलोच्या थोडं वर. आपल्या आजच्या स्विफ्टएवढं वजन आणि तिच्या पाचपट ताकद, असं डोळ्यांसमोर आणा. आणि रस्ता मातीचा.

जाता जाता, २०५ च्या घराण्याचा आपल्याशी एक छोटासा संबंध आहे. तिच्याच दारांवर बेतलेली प्युजो ३०९ नव्वदच्या दशकात आपल्या कल्याणला, प्रीमियरच्या कारखान्यात बनत होती. तुमच्या सोसायटीत एखाद्या काकांकडे असेलही.

तर मे १९८४, कोर्सिका बेट. टर्बो १६ ची पहिली रॅली. चालवायला फिनलंडचा आरी वाटानेन. पहिल्याच रॅलीत तो पुढे होता, मग पावसात गाडी रस्ता सोडून गेली आणि जळाली. वाटानेन वाचला. ऑगस्टमध्ये फिनलंडची रॅली जिंकला, मग सानरेमो, मग ब्रिटन.

जानेवारी १९८५ ची मॉन्टे कार्लो रॅली तर सिनेमात दाखवावी अशी. वाटानेनचा को-ड्रायव्हर टेरी हॅरिमन एका टाइम कंट्रोलला चार मिनिटं लवकर पोहोचल्याची नोंद करून बसला. उशिराला दंड असतो तसा लवकरलाही असतो. आठ मिनिटं! रॅलीत आठ मिनिटं म्हणजे खेळ खलास. समोर ऑडीत वाल्टर रोर्ल, त्या काळातला सगळ्यात थंड डोक्याचा ड्रायव्हर. वाटानेनने ती आठ मिनिटं भरून काढली आणि वर पाच मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. या एका रॅलीने युरोपातल्या घराघरात २०५ हे नाव पोचलं असणार, असं मला वाटतं. कारण टीव्हीवर जी दिसत होती तिचा चेहरा कोपऱ्यावरच्या शोरूममधल्या गाडीचा होता. प्युजोला हवं होतं ते नेमकं हेच. २०५ पुढे १९९८ पर्यंत बनत राहिली आणि ५० लाखांहून जास्त खपली.

पण त्याच १९८५ मध्ये दुसरी बाजू दिसायला लागली. २ मे रोजी कोर्सिकामध्ये लान्चिया ०३७ झाडावर आदळली आणि अतिलियो बेत्तेगा गेला. उन्हाळ्यात अर्जेंटिनात वाटानेनची गाडी एका खोलगट भागावर उसळून कोलांट्या खात गेली. त्याची सीटच जागची निखळली. तो जगला, पण दीड वर्ष स्पर्धेबाहेर राहिला, आणि त्यातले बरेच महिने नुसत्या शरीराच्या दुखण्याचे नव्हते. खोल नैराश्याबद्दल तो नंतर स्वतः उघडपणे बोललाय. त्या वर्षीचं विजेतेपद त्याच्याच टीममधल्या टिमो सालोनेनने घेतलं. जाड चष्मा, सिगारेट, व्यायामाशी भांडण असलेला माणूस, आणि पाच रॅली जिंकला.

सीट निखळली, या वाक्यावर मी जरा थांबतो. इंजिन दर सहा महिन्यांनी सुधारत होतं. पंख मोठा झाला, टर्बो मोठा झाला. त्या वेगाने माणसाला धरून ठेवणाऱ्या गोष्टी सुधारत होत्या का? आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस, तो तर कुठल्याच नियमात नव्हता.

मार्च १९८६, पोर्तुगाल. तिथे गर्दी रस्त्यावर उभी राहायची आणि गाडी आली की शेवटच्या क्षणी बाजूला व्हायची, काही जण तर जाणाऱ्या गाडीला हात लावायला बघायचे. पहिल्याच दिवशी एक फोर्ड गर्दीत घुसली. तीन जण मेले, तीसहून जास्त जखमी. मोठ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांनी एकत्र येऊन सांगितलं की आम्ही पुढे चालवणार नाही. रॅली मात्र उरलेल्या गाड्या घेऊन पूर्ण केली गेली.

मग २ मे १९८६. पुन्हा कोर्सिका, पुन्हा तीच तारीख. लान्चियाची नवी डेल्टा एस४, नावाला तीही हॅचबॅकच, आणि प्युजोची युक्ती आणखी एक पाऊल पुढे नेलेली. हेन्री टोइवोनेन आणि को-ड्रायव्हर सर्जियो क्रेस्टो आघाडीवर होते. एका डाव्या वळणावर गाडी दरीत गेली. पेट्रोलची टाकी सीटखाली. मदत पोचली तेव्हा काळा सांगाडा उरला होता. अपघात नेमका कशाने झाला ते कधीच ठरवता आलं नाही, कारण तपासायला काही राहिलंच नव्हतं. लान्चियाने माघार घेतली आणि रॅली जिंकली ब्रुनो साबीने, टर्बो १६ मध्ये.

फेडरेशनचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनी लगेच जाहीर केलं की वर्षअखेर ग्रुप बी बंद. १९८७ पासून ग्रुप ए, आणि आकडा २०० नाही, ५०००. ५००० गाड्या म्हणजे खरोखर गिऱ्हाईक शोधायला लागणार, म्हणजे डिकी असलेली गाडी बनवावी लागणार.

टॉड भडकला. प्युजोने फेडरेशनला कोर्टात खेचलं. त्यांचा मुद्दा असा की नियम तुमचे, आम्ही ते पाळले, पैसे ओतले, आणि तुम्ही मध्येच खेळ मोडताय. मला यात प्युजोची बाजू अर्धीच पटते. नियम त्यांनी मोडला नाही हे खरंच. पण ९०० किलो आणि साडेचारशे हॉर्सपॉवर गर्दीतून नेतोय हे त्यांना दिसत नव्हतं असं थोडीच आहे? आणि फेडरेशनची बाजू तर मला पावही पटत नाही. २० सुधारित गाड्यांची पळवाट त्यांनीच ठेवली होती. बेत्तेगा गेल्यावर त्यांच्याकडे बरोबर एक वर्ष होतं.

शेवटचं वर्षही धड संपलं नाही. सानरेमोला प्युजोच्या गाड्या खालच्या पट्ट्यांवरून बाद केल्या, नंतर फेडरेशनने त्या रॅलीचा निकालच रद्द केला. त्यामुळे लान्चियाचा मार्कू आलेन ११ दिवस जगज्जेता राहिला आणि मग किताब प्युजोच्या युहा कांकुनेनकडे गेला. जर्मनीचं विजेतेपद त्याच वर्षी मिशेल मुतों या फ्रेंच ड्रायव्हरने टर्बो १६ मध्येच जिंकलं, ते जिंकणारी पहिली बाई, आणि मग तिने रॅली सोडली. टर्बो १६ चा हिशेब: १६ जागतिक रॅली, कंपन्यांची दोन विजेतेपदं, ड्रायव्हरांची दोन.

टॉडकडे आता गाड्या होत्या आणि पळवायला जागा नव्हती. तो वाळवंटात गेला. पॅरिस-डाकारमध्ये ग्रुप बीचा नियम लागू नव्हता. टर्बो १६ थोडी लांब केली, मोठ्या टाक्या बसवल्या आणि जानेवारी १९८७ मध्ये चालवायला बसवलं कोणाला? वाटानेनला. सुरुवातीच्या टप्प्यातच तो २७४ व्या नंबरवर फेकला गेला, आणि तिथून वर येत डाकार जिंकला. १९८८ ला कांकुनेनने याच गाडीने परत जिंकली. १९८९ पर्यंत प्युजोने मोठी ४०५ आणली होती. वाटानेन आणि जॅकी इक्स इतके जीव तोडून एकमेकांशी लढायला लागले की दोघंही गाडी मोडतील अशी टॉडला भीती वाटली. त्याने नाणं उडवलं. छापा-काटा वाटानेनच्या बाजूने पडला आणि रॅली त्याने जिंकली.

टॉड पुढे फेरारीत गेला, ते तुम्हाला माहीत असेल. पण ऑक्टोबर २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटर फेडरेशनच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ज्या व्यवस्थेला त्याने कोर्टात खेचलं होतं तिचीच खुर्ची. उमेदवार दोन: जाँ टॉड आणि आरी वाटानेन. या वेळी नाणं नव्हतं, मतदान होतं. टॉड १३५, वाटानेन ४९.