अंकीय ग्रंथालयातील प्रताधिकार परवानगी

अंकीय ग्रंथालयातील प्रताधिकार परवानगी म्हणजे ग्रंथ, नियतकालिके, हस्तलिखिते इत्यादी साहित्य संगणकीय रूपात आणून वाचकांना खुले करण्यासाठी हक्कधारकाकडून घ्यावयाची लेखी संमती होय. विकत घेतलेल्या प्रतीवर ग्रंथालयाची मालकी असते. तिच्यातील मजकुराचा प्रताधिकार (कॉपीराइट) मात्र लेखक, त्याचे वारस किंवा प्रकाशक यांच्याकडे असतो. त्यामुळे प्रत हाती असली, तरी ती स्कॅन करून महाजालावर ठेवण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. भारतात हा विषय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कक्षेत येतो.

प्रताधिकाराची मुदत

परवानगी मागण्यापूर्वी तिची गरज आहे किंवा नाही, हे पाहावे लागते. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा प्रताधिकार त्याच्या हयातीत व मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्याचा प्रताधिकार १९९१ अखेर संपणार होता. त्या पार्श्वभूमीवर ती १० वर्षांनी वाढवण्यात आली.

साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे निधन १९५६ साली झाले, म्हणून त्यांच्या हयातीतील प्रकाशने १ जानेवारी २०१७ रोजी मुक्त झाली. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ मात्र १९५७ साली, म्हणजे मरणोत्तर प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथाची मुदत प्रकाशनवर्षावरून मोजतात, म्हणून तो एक वर्ष उशिरा मुक्त झाला. १९६९ साली निवर्तलेले आचार्य अत्रे यांचे साहित्य १ जानेवारी २०३० पर्यंत संरक्षित राहील. सहलेखन असल्यास सर्वांत शेवटी निधन पावलेल्या लेखकाचे मृत्युवर्ष धरतात.

एका ग्रंथातील अनेक हक्क

एकाच पुस्तकात अनेकांचे हक्क गुंतलेले असू शकतात. अनुवादाच्या बाबतीत मूळ लेखक व अनुवादक, दोघांचेही हक्क तपासावे लागतात. प्रस्तावना, चित्रे आणि मुखपृष्ठ यांचे हक्क वेगळे असू शकतात. दिवाळी अंकांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. बाहेरच्या लेखकांनी पाठवलेल्या कथा, कविता आणि लेखांचे हक्क, तसा लेखी करार नसेल तर, सामान्यतः त्या त्या लेखकाकडेच राहतात. त्यामुळे केवळ संपादकाची संमती पुरेशी ठरत नाही.

हक्कधारकाचा शोध

प्रताधिकार ही वारसाहक्काने संक्रमित होणारी संपत्ती आहे. लेखकाच्या निधनानंतर ती मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार पुढील पिढीकडे जाते. वारस अनेक असल्यास सर्वांची संमती घेणे इष्ट असते.

प्रकाशकाकडे हक्क आहेत असे गृहीत धरता येत नाही. हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. करारात कालावधी नमूद नसेल तर तो ५ वर्षे, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करारसमयी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा त्यात स्पष्ट उल्लेख नसल्यास हस्तांतरण त्या माध्यमाला लागू होत नाही. म्हणून जुने करार मुळातून वाचून पाहणे आवश्यक असते.

परवानगीपत्र

परवानगीपत्रात ग्रंथाचे नाव व आवृत्ती, देणाऱ्याचा हक्क कोणत्या आधारे आहे, महाजालावरील वाचन, उतरवून घेणे, छपाई व मजकूरशोध यांपैकी कशास मुभा आहे, मुदत आणि मानधन हे मुद्दे स्पष्ट असावेत. 'ग्रंथालयात ठेवण्यास हरकत नाही' एवढ्या मोघम वाक्यावरून पुढे वाद उद्भवू शकतो.

हक्कधारकाची इच्छा असल्यास ग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्याखाली देता येतो. अशा वेळी प्रताधिकार त्याच्याकडेच राहतो. वाचकांना मात्र परवान्यातील अटींनुसार वापराची मुभा मिळते. गोवा विद्यापीठाने २०१३ साली कोंकणी विश्वकोश अशा परवान्याखाली खुला केला.

ग्रंथालयांसाठी सवलती

कलम ५२ नुसार, अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडील छापील ग्रंथ जतनासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येतो. ही सवलत जतनापुरती आहे. ती प्रत महाजालावर खुली करण्याची मुभा तीत दिलेली नाही. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्या वापरासाठी, जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या दिव्यांग वाचकांसाठी सुलभ स्वरूपातील प्रती तयार करण्याचीही तरतूद आहे.

अनाथ ग्रंथ

ज्यांचा हक्कधारक सापडत नाही, त्यांना अनाथ ग्रंथ म्हणतात. लोकांना उपलब्ध नसलेल्या अशा ग्रंथासाठी कलम ३१अ अन्वये सक्तीचा परवाना मागता येतो. त्याआधी इंग्रजी दैनिकात जाहिरात देऊन प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, तसेच ठरलेले मानधन जमा करावे लागते. एकेका ग्रंथासाठी ही खटपट लहान ग्रंथालयांच्या आवाक्याबाहेरची ठरते.

परिणामी विसाव्या शतकाच्या मध्यातील अनेक पुस्तके कात्रीत सापडतात. त्यांची पुनर्मुद्रणे होत नाहीत, प्रताधिकार संपलेला नसतो आणि कागद मात्र जीर्ण होत जातो. अशा पुस्तकांची जतनप्रत वेळीच करून ठेवणे आणि ती खुली करण्यासाठी लेखक हयात असतानाच लेखी संमती घेणे, हा त्यावरील सर्वांत सुलभ उपाय आहे.